‘हॅव रोट’ : शरणपूरच्या एका विद्यार्थ्याचे पत्र

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावर संध्याकाळी फिरायला निघालात तर दुकानांच्या माथ्यावर इंग्रजी संभाषणाच्या क्लासच्या पाट्या दिसतात. एखाद्या खिडकीतून सामुदायिक घोष ऐकू येतो : गो, वेंट, गॉन, राइट, रोट, रिटन. क्रियापदाची तीन रूपे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती अशीच तालावर पाठ केली आहेत. आजोबांच्या पिढीने त्यासाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला झिजवली. माझ्या शाळेतल्या एका गुरुजींनी तिसऱ्या रूपासाठी लाकडी पट्टी झिजवली.

याच शरणपुरात, दीडशे वर्षांपूर्वी, इंग्रजी शिकलेल्या एका विद्यार्थ्याने ऑक्टोबर १८७३ मध्ये एक पत्र लिहिले. पत्राच्या शेवटच्या वाक्यात त्याने ‘हॅव रिटन’ असे लिहायच्या ऐवजी ‘हॅव रोट’ असे लिहिले. तिसऱ्या रूपाच्या जागी दुसरे. हे पत्र नाशिकहून नव्हे, तर आजच्या टांझानियातून, एका राजाच्या गावी बसून लिहिलेले होते. लिहिणारा जन्माने आफ्रिकी होता, आणि ज्या काफिल्याच्या वतीने तो लिहीत होता त्या काफिल्याच्या खांद्यावर त्या काळातील जगातल्या सर्वांत प्रसिद्ध संशोधक-प्रवाशाचे पार्थिव होते.

आजचा धागा या पत्राविषयी आणि त्यातील चार-पाच क्रियापदांविषयी आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम शरणपूर. नावातच ‘शरण’ आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील संस्थेच्या विल्यम साल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात नाशिक गावाबाहेर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. आज ती शहराच्या पोटात आहे. अनाथालय, शाळा, कारखाना आणि धर्मांतरित कुटुंबांची घरे असे तिचे स्वरूप होते. १८६०च्या सुमारास तिथे आणखी एक संस्था आली : आफ्रिकी मुलांसाठीचा आश्रम.

आफ्रिकी मुले नाशिकला कशी पोहोचली, हा प्रश्न साहजिकच पडेल. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे पकडून किनाऱ्यावर आणायची, झांझिबारच्या बाजारात विकायची आणि गलबतांतून अरबस्तान, इराणच्या आखाताकडे न्यायची, हा व्यापार तेव्हा जोरात होता. ब्रिटिश नौदलाची जहाजे अशी गलबते समुद्रात अडवत. सुटका झालेल्यांचे पुढे करायचे काय, याला उत्तर नव्हते. त्यांचे गाव कुठे हे लहान मुलांना सांगता येत नसे, आणि सांगितले तरी तिथे पोहोचवणार कोण? म्हणून अनेकांना मुंबई बंदरात उतरवले जाई. मोठी माणसे कामाला लागत. मुलांची वाटणी मिशनरी संस्थांत होई. त्यांपैकी काही सह्याद्री चढून नाशिकला आली.

शरणपुरात त्यांना बाप्तिस्मा आणि नवे नाव मिळे. या नावांची यादी वाचताना मन थबकते : अब्राम प्यू, सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, रिचर्ड इझेनबर्ग. आडनावे इंग्रज-जर्मन. यातले प्राइस तर वसाहतीच्या संस्थापकाचेच. इझेनबर्ग हे या आफ्रिकी मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या जर्मन मिशनऱ्याचे आडनाव. हे इझेनबर्ग इथिओपियात राहून आलेले होते आणि अम्हारिक भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले होते. व्याकरणकाराचे आडनाव लावून एक आफ्रिकी मुलगा गोदाकाठी इंग्रजी शिकत होता, हा योगायोग मला फार आवडतो. असो.

आश्रमात सुतारकाम व लोहारकाम शिकवत. इंग्रजी वाचन-लेखन शिकवत, बायबल व प्रार्थना-पुस्तक शिकवत. कानांवर नाशिकची मराठी आणि हिंदुस्तानी सतत पडत होतीच. लहानपणीची आफ्रिकी मातृभाषा काहींना आठवत होती, काहींची पुसट झाली होती. या मुलांना पुढे आफ्रिकेत ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रजी दस्तऐवजांत मात्र त्यांचे नाव ‘नॅसिक बॉइज’ असे पडले. लिव्हिंगस्टनविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत हे नाव जागोजागी येते. आपल्या गावाचे हे नाव आफ्रिकेच्या इतिहासात अशा रीतीने नोंदले गेले आहे, हे नाशिकमध्ये फारसे कोणाला ठाऊक नसते.

डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईत आला. स्कॉटिश मिशनरी, वैद्य आणि संशोधक असलेल्या या गृहस्थाला नाईल नदीच्या उगमाच्या शोधासाठी माणसे हवी होती. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर त्याला अनुकूल होता. नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये त्यांचे जहाज मुंबईहून झांझिबारकडे गेले. चुमा नावाचा मुलगाही या प्रवासात होता, पण तो मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतला. हे नाशिककर लिव्हिंगस्टनला फारसे पसंत पडले नाहीत. ते आळशी आहेत, अशी तक्रार त्याने केली. काही सोडून गेले, एक आजाराने वारला, थोडे अखेरपर्यंत राहिले.

आपला पत्रलेखक या नऊ जणांत नव्हता. त्याचे नाव जेकब वेनराइट. तो याओ समाजातला होता आणि गुलामांच्या गलबतावरून सुटून नाशिकला आलेला होता. १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनच्या शोधासाठी लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने एक मोहीम काढली, तेव्हा शरणपुरात वाढलेले सहा तरुण तिच्यासाठी निवडले गेले. त्यांत जेकब होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कॅरस फॅरार होता. मोहीम किनाऱ्यावर सज्ज होते न होते तोच हेन्री स्टॅन्ली आफ्रिकेच्या आतून परतला. लिव्हिंगस्टन त्याला आधीच सापडला होता! मोहीम जागीच बरखास्त झाली. मात्र लिव्हिंगस्टनला माणसांची गरज होती म्हणून स्टॅन्लीने जी तुकडी आत पाठवली, तिच्यात हे सहा जणही गेले. ऑगस्ट १८७२ मध्ये ते उन्यान्येंबे येथे, म्हणजे आजच्या टबोरा शहराजवळ, त्याला जाऊन मिळाले.

पुढचे आठ-नऊ महिने पाऊस, दलदल आणि आजार यांत गेले. बांग्वेउलू सरोवराच्या काठाने जाताना लिव्हिंगस्टनची प्रकृती पूर्ण ढासळली. त्याच्या रोजनिशीतील शेवटची नोंद २७ एप्रिल १८७३ची आहे. त्यानंतर काही दिवसांतच, आजच्या झांबियातील चितांबो राजाच्या गावी, बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत तो मृतावस्थेत आढळला.

काफिल्याने जे ठरवले ते त्या काळी कोणाला सुचले नसते. सुसी आणि चुमा या दोघांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी निर्णय केला की पार्थिव समुद्रापर्यंत न्यायचे. हृदय व आतडी काढून एका डब्यात घालून झाडाखाली पुरली. देह मिठाने खारवून, सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवून, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवला.

येथे शरणपूरचे शिक्षण कामी आले. हृदय पुरताना ख्रिस्ती अंत्यविधीची प्रार्थना इंग्रजीतून वाचायला कोणीतरी हवे होते. ती जेकबने वाचली. मृताच्या पेट्यांतील एकूण एक वस्तूची सर्वांसमक्ष यादी करायला कोणीतरी हवे होते, कारण उद्या गोरे लोक चोरीचा आळ घेतील ही भीती रास्त होती. ती यादी जेकबने केली. झाडाच्या बुंध्यावर लेख कोरायचा होता. तोही जेकबनेच कोरला : लिव्हिंगस्टनचे नाव, तारीख आणि काफिल्यातील काही नावे. तारीख कोरली ती ४ मे १८७३. ही तारीख लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचे आहे.

मग चाल सुरू झाली. मैलांच्या हिशेबात हजाराहून अधिक अंतर, जवळजवळ नऊ महिने. प्रेत घेऊन जाणारा काफिला ही त्या प्रदेशात अशुभ गोष्ट मानली जाई. पुढे एका टप्प्यावर पार्थिव कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून, प्रेत परत पाठवल्याचा बनाव करावा लागला. कित्येक जण आजारी पडले, काही मेले. अन्न विकत घ्यायचे तर तिथले चलन म्हणजे कापड, आणि कापड संपत आले होते. अशा वेळी वाटेत बातमी लागली की झांझिबारकडून एक इंग्रज मोहीम उन्यान्येंबेला आली आहे. तिच्यात लिव्हिंगस्टनचा मुलगा असावा, असा काफिल्याचा समज झाला. चुमाने पुढे जाऊन निरोप द्यावा असे ठरले आणि निरोपाचे पत्र जेकबने लिहिले.

पत्र अवघ्या काही वाक्यांचे आहे. त्याचा आशय असा. आपण झांझिबारहून निघाल्याचे आम्ही ऑगस्ट महिन्यात ऐकले, आणि आपण येऊन पोहोचल्याचेही अलीकडे पुन्हा पुन्हा ऐकत आहोत. आपले वडील बिसा देशापलीकडे आजाराने वारले, पण त्यांचे प्रेत आम्ही बरोबर आणले आहे. आमचे दहा शिपाई गमावले गेले, काही मरण पावले. भुकेने आम्हांला अन्न विकत घेण्यासाठी कापड मागणे भाग पाडले आहे. आम्ही गावात प्रवेश करू तेव्हा बंदुकांची सलामी द्यावी की नाही, ते कळवावे. द्यायची असेल तर थोडी दारू पाठवावी. अमुक राजाच्या गावी बसून हे चार शब्द लिहिले आहेत. खाली लेखक म्हणून जेकब वेनराइटचे नाव.

पत्र पोहोचले ते लिव्हिंगस्टनच्या मुलाच्या हाती नव्हे. मोहिमेचा प्रमुख होता व्हर्नी लव्हेट कॅमरॉन, नौदलातील तरुण अधिकारी. २० ऑक्टोबरला तो तापाने अंथरुणाला खिळलेला होता, दृष्टी अधू झाली होती. त्याने पत्र कसेबसे वाचले आणि त्याला काही बोध होईना. तो आपला सहकारी डॉ. डिलन याच्याकडे गेला. डिलनही तापात. दोघांनी मिळून पुन्हा वाचले. ‘आपले वडील वारले’ म्हणजे आपल्या दोघांपैकी कोणाचे वडील, अशी विचित्र शंका त्यांना आली. चुमाला समोर आणल्यावरच उलगडा झाला. हा प्रसंग स्वतः कॅमरॉनने आपल्या प्रवासग्रंथात सांगितला आहे, आणि पत्रही तिथेच छापले आहे. त्याने ते छापताना दुरुस्त केले नाही, ही आपल्यावरची मोठी मेहेरबानी.

आता ती क्रियापदे.

शेवटच्या वाक्यातले ‘हॅव रोट’ उघड आहे. ‘हॅव’नंतर तिसरे रूप हवे, ‘रिटन’ हवे. शरणपूर रस्त्यावरच्या कोणत्याही क्लासमध्ये आज यावर लाल खूण पडेल.

दुसरी चूक सूक्ष्म आहे. ऑगस्ट महिन्यात ऐकले, हे सांगताना जेकबने पूर्ण वर्तमानकाळ वापरला आहे : ‘हॅव हर्ड’. इंग्रजीत हे चालत नाही. निश्चित गतकाळ सांगितला, ऑगस्ट म्हटला, काल म्हटले, की साधा भूतकाळच हवा. मराठीला असे काही बंधन नाही. ‘हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे’ हे वाक्य आपल्याला कुठेही खटकत नाही. त्याचे शब्दशः इंग्रजी केले की चूक होते, आणि ती चूक आपण सर्वांनी केलेली आहे.

तिसरी : ‘आम्ही प्रवेश करू तेव्हा’. जेकबने येथे भविष्यकाळ घातला, ‘व्हेन वी शॅल’. इंग्रजीत ‘व्हेन’च्या पोटवाक्यात अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळ येतो. मराठीत ‘तो येईल तेव्हा सांगेन’, दोन्हीकडे भविष्य. ही मराठी विद्यार्थ्यांची पेटंट चूक आहे. (आपली काळव्यवस्था तशी फार साळसूद नाही, हेही सांगून टाकतो. ‘आलोच’ म्हणणारा माणूस बहुधा अजून घरातून निघालेला नसतो. क्रियापद मात्र भूतकाळात असते. परभाषकाला हे समजावताना नाकी नऊ येतात.)

मग जेकब मराठीतून इंग्रजीत भाषांतर करत होता काय? नाशिककर म्हणून हे म्हणायचा मोह मला होतो. पण मोहाला पुरावा म्हणत नाहीत. जेकबच्या कानांवर याओ, स्वाहिली, हिंदुस्तानी, मराठी असे अनेक संस्कार झाले होते. जर्मन भाषेतही ‘ऑगस्टमध्ये ऐकले आहे’ धर्तीचे वाक्य चालते, आणि मिशनच्या शिक्षकांत जर्मन माणसे होतीच. परक्या भाषेत काळ सांभाळणारा माणूस जिथे घसरतो तिथेच तो घसरला, इतके म्हणता येते.

‘हॅव रोट’ची गोष्ट तर आणखी मजेची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधले प्रतिष्ठित लेखक हे रूप बिनदिक्कत वापरत होते. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांनी इंग्रजीचे एक छोटे व्याकरण लिहिले (ते पुढे लंडनचे बिशप झाले), त्यात नामांकित लेखकांच्या अशा रूपांवर आक्षेप घेतला. १७९५ मध्ये लिंडली मरे यांचे व्याकरण आले. यॉर्कमधील मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेले हे पुस्तक साऱ्या इंग्रजी जगाचे पाठ्यपुस्तक बनले आणि ‘हॅव रोट’ अशुद्ध ठरले ते ठरलेच. जेकबने चूक केली तेव्हा ती चूक म्हणून पक्की होऊन फार तर शतक लोटले होते. ‘होल्ड’चेही एके काळी ‘होल्डन’ असे वेगळे तिसरे रूप होते. ते झिजून गेले आणि दुसरे रूप ‘हेल्ड’ तिसऱ्याच्या जागी येऊन बसले, त्याला कोणी अशुद्ध म्हटले नाही. ‘रोट’च्या नशिबी ते नव्हते, एवढेच.

याच मरे यांच्या पुस्तकाचा आराखडा समोर ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ सिद्ध केले. (भाषांतर पाठमालेचे तर्खडकर ते हे नव्हेत, ही गल्लत नेहमी होते.) मराठीच्या काळांचे जे कोष्टक आपण शाळेत पाठ करतो, त्यावर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे ती अशी आली. तेव्हा मराठी मुलगा आणि शरणपूरचा आफ्रिकी मुलगा, दोघेही एकाच खानदानी तक्त्यासमोर बसलेले होते.

पण जेकबच्या पत्राचे मर्म मला त्याच्या चुकांत दिसत नाही. ते मधल्या एका वाक्यात आहे, जिथे तो चुकलेला नाही. वडील वारले, पण प्रेत आम्ही आणले आहे. ‘वारले’साठी त्याने साधा भूतकाळ वापरला : घटना घडून गेली, मिटली. ‘आणले आहे’साठी पूर्ण वर्तमानकाळ : क्रिया सुरू झाली ती मागे, तिचा परिणाम मात्र आत्ता, या क्षणी, आमच्या खांद्यावर आहे. हा भेद शिकवायला आज एक तास जातो आणि तरीही तो बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. भुकेल्या माणसाने, परक्याच्या भाषेत, परक्याचे प्रेत शेजारी असताना, ज्या वाक्यावर सगळ्यांचे भवितव्य अवलंबून होते तेच वाक्य अचूक लिहिले. दोन क्रियापदांच्या मध्ये ‘पण’ आहे. त्या ‘पण’मध्ये पाच महिन्यांची चाल आहे.

पत्राचे काम झाले. चुमा मदत घेऊन परतला आणि काफिला उन्यान्येंबेला पोहोचला. कॅमरॉनने सुचवले की पार्थिव इथेच पुरावे, पुढची वाट धोक्याची आहे. काफिल्याने साफ नकार दिला. लिव्हिंगस्टनची काही उपकरणे मात्र कॅमरॉनने स्वतःच्या मोहिमेसाठी काढून घेतली. वस्तूंची यादी करून ठेवण्यात काफिल्याने केवढा शहाणपणा केला होता, ते यावरून दिसते. फेब्रुवारी १८७४ मध्ये सर्व जण बागामोयो बंदराला लागले.

तिथून पार्थिवासोबत इंग्लंडला फक्त जेकब गेला. सुसी आणि चुमा त्या वेळी मागे राहिले. ते इंग्लंडला पोहोचले तेव्हा दफन उरकून गेले होते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरले. शवपेटीला खांदा देण्याचा मान ज्या आठ जणांना होता त्यांत स्टॅन्ली होता, आणि जेकब वेनराइट होता. शरणपूरच्या सुतारकाम-लोहारकामाच्या आश्रमात वाढलेला, गुलामांच्या गलबतातून सुटलेला मुलगा, इंग्लंडचे राजे जिथे पुरले आहेत त्या जागी उभा होता.

यानंतर जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशा संपादित करण्याचे काम होरेस वॉलर यांच्याकडे आले. शेवटच्या दिवसांची हकिकत लिहिताना त्यांनी भिस्त ठेवली ती सुसी व चुमा यांनी इंग्लंडमध्ये तोंडी सांगितलेल्या माहितीवर. सुसी-चुमांचे नेतृत्व निर्विवाद होते, त्यांची साक्ष घेणे योग्यच होते. पण काफिल्यात असताना रोजनिशी लिहिणारा माणूस जेकब होता, आणि त्याच्या लेखनाला त्या ग्रंथात योग्य ते वजन मिळाले नाही. आपण पाठ करतो ती लिव्हिंगस्टनच्या मृत्यूची तारीख १ मे १८७३. ती वॉलर यांच्या ग्रंथातून आली. झाडावर, घटनास्थळी, त्याच दिवसांत कोरलेली तारीख मात्र ४ मे आहे. जंगलात दिवसांचा हिशेब चुकतो, हे खरे. लिव्हिंगस्टनचाही चुकत असे. तरीही समकालीन लेखी नोंद आणि नंतरची तोंडी आठवण समोरासमोर आली असता, आपण सहसा कोणत्या बाजूला झुकतो? येथे उलट झाले. लिहिणारा ‘नॅसिक बॉय’ होता, हे त्याचे एक कारण असावे, असे माझे मत आहे.

झाडाचा तो कोरलेला भाग पुढे कापून लंडनला नेण्यात आला आणि रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात ठेवला गेला.

जेकबच्या रोजनिशीचे दैव अधिक चमत्कारिक. ती छापली गेली, पण जर्मन भाषांतरात, पेटरमान यांच्या प्रसिद्ध भूगोलविषयक नियतकालिकातून. पुढे अनेक दशके अभ्यासकांच्या हाती होते ते हे जर्मन रूपच. याचा अर्थ काय होतो पाहा. जर्मन भाषांतरकार व्याकरणशुद्ध जर्मन लिहिणार. ‘हॅव रोट’चे जर्मन भाषांतर ‘लिहिले आहे’ असेच होणार, शुद्ध आणि निर्दोष. जेकब कुठे अडला, कोणते रूप त्याने शरणपूरच्या पाठातून आठवून लिहिले आणि कोणते कानाने लिहिले, हे सारे भाषांतरात धुऊन निघते. घटना उरतात, हात दिसेनासा होतो. स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे, लिव्हिंगस्टनच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयातील जेकबचे इंग्रजी हस्तलिखित २०१९ मध्ये इंटरनेटवर सर्वांना वाचायला खुले झाले. आता कोणीही मूळ अक्षर पाहू शकतो. नाशिकमधल्या एखाद्या इंग्रजी वा इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते हस्तलिखित घेऊन, त्यातील काळ आणि क्रियापदांची रूपे एकेक करून तपासावीत, असे मला फार वाटते. हे काम लंडनला बसून करण्यापेक्षा मराठी येणाऱ्याने करणे अधिक फलदायी होईल. वर मी ज्याला मोह म्हटले, त्याचा निकालही कदाचित तिथेच लागेल.

आफ्रिकी आश्रम नाशिकमध्ये फार दिवस राहिला नाही. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद करण्याचा तह झाला आणि सुटका झालेल्यांची वस्ती आफ्रिकेतच हवी, असे ठरले. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रेअरटाऊन ही नवी वसाहत उभी राहिली. नाव मुंबईच्या त्याच माजी गव्हर्नरचे, आणि ती उभारायला गेले ते शरणपूरचे तेच प्राइस. नाशिकची मुले तिथे शिक्षक, कारागीर, दुभाषे झाली. विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड यांच्यासारखे काही तर त्याआधीच, १८६४ मध्ये, नाशिकहून मोंबासाजवळच्या राबाई येथे गेलेले होते.

जेकब वेनराइट इंग्लंडहून आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये उरांबो येथे, म्हणजे ज्या उन्यान्येंबेच्या वाटेवर त्याने ते पत्र लिहिले त्याच मुलखात, वारला. त्याच्या बरोबरीचा मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात दीर्घायुषी झाला. शरणपुरात इंग्रजीचे धडे गिरवलेला हा माणूस १९३५ पर्यंत हयात होता.